शेवटचा बाहेर येईपर्यंत

घर बघायला गेले तेव्हा मालकांनी मला डिपॉझिटचं विचारलं नाही, एकटी का राहता हे विचारलं नाही, घरात मासे शिजवणार का हेसुद्धा नाही. जिन्याच्या तोंडाशी उभे राहून त्यांनी एवढंच विचारलं, "बाई, पोहता येतं काय?"

"नाही," मी म्हटलं.

"मग वरचाच मजला घ्या. खालचा पोहणाऱ्यांचा हाय."

महाडात राहिलेल्या माणसाला हा प्रश्न विचित्र वाटणार नाही. सावित्री पावसाळ्यात गावात डोकावून जाते, आणि कधीकधी नुसत्या डोकावण्यावर तिचं भागत नाही. मी घाटावरची, इथल्या हायस्कुलात नोकरीला आलेली. माझं आधीचं भाड्याचं घर तिच्या तावडीत सापडलं, म्हणून तर मी नवीन घर शोधत होते. त्यामुळे प्रश्न मला पटला. न पटणारा प्रकार दुसऱ्या दिवशी पहाटे सुरू झाला.

खालून 'धप्प' असा आवाज आला. थोडं थांबून पुन्हा धप्प. कोणीतरी पडलं असं समजून मी धावत खाली गेले, तर साठी उलटलेले मालक बनियन आणि अर्ध्या चड्डीवर ओसरीत गोधडी टाकून तिच्यावर पालथे पडलेले. मला काही सुचायच्या आत त्यांनी दोन्ही तळवे टेकले आणि टुणकन उभे राहिले. एक पाय पुढे, एक मागे, गुडघे वाकवलेले, हात पसरलेले. मग मान वळवून त्यांनी मागे पाहिलं, तोल गेला आणि बूड आपटून खाली बसले.

आतून त्यांच्या बायकोचा, म्हणजे काकूंचा, आवाज आला. "घाबरू नको गो. मेलं नाय कोण. समुद्राचा अभ्यास चाललाय."

सगळं गाव त्यांना 'फळीवाले' म्हणायचं, मी काका म्हणायचे. शिकलेले लोक ज्याला सर्फिंग म्हणतात त्याला ते 'फळीवर जाणं' म्हणत. ती फळी ओसरीच्या भिंतीला टेकून उभी असे, माणसापेक्षा उंच, पिवळी पडलेली, तीन-चार ठिकाणी ठिगळं लावलेली. पाण्याच्या फायबरच्या टाक्या दुरुस्त करणारा एक माणूस बाजारात होता, तो ती सांधून द्यायचा. पाय सरकू नये म्हणून फळीला मेण चोळावं लागतं. ते विकत मिळतं, पण काकांचा बाजारच्या मेणावर विश्वास नव्हता. पोलादपूरच्या वरच्या वाड्यांतून मधाच्या पोळ्याचं मेण मागवायचं, त्यात देवघरातल्या मेणबत्त्यांचे तुकडे वितळवायचे आणि संध्याकाळी रेडिओ ऐकत फळीवर गोल गोल हात फिरवत बसायचं. साऱ्या घराला मधाचा वास यायचा. मुंग्याही यायच्या, आणि त्या मुंग्यांवरून काकू जे बोलायच्या ते मला वर स्वच्छ ऐकू यायचं.

नोकरीत असताना ते पाटबंधारे खात्यात नदीची पातळी बघायला होते. पट्टीवर पाणी कुठवर चढलं ते वाचायचं आणि वर कळवायचं. मला एकदा म्हणाले, "सारी नोकरी काठावर उभं ऱ्हाऊन पाणी वाचलं. निरोप धाडला, घरी आलो. रिटायर झालो तवा वाटलं, इतकी वर्सं ज्याच्या चुगल्या केल्या त्याला एकदा भेटावं तरी."

ती भेट कशी झाली ते काकूंनी सांगितलं, आणि सांगताना इतक्या वर्षांनीही त्यांचा चेहरा लाल झाला. काकांच्या भाचीचं लग्न श्रीवर्धनच्या बाजूच्या एका गावात होतं. हे सकाळी वाडीतून किनाऱ्यावर गेले. तिथे काही तरुण मुलं लाटांवर फळ्या घेऊन जात होती. हे पँट दुमडून गुडघाभर पाण्यात उभे राहिले, मग म्हणाले, "मला जमंल काय रे?" मुलांनी गंमत म्हणून फळी दिली. इकडे मुहूर्ताची वेळ झाली. नवरीला बोहल्यावर आणायला मामा पाहिजे, आणि मामाचा पत्ता नाही. "माणसं धाडली शोधायला," काकू म्हणाल्या, "तर मामा समुद्रात! ओल्या कपड्यांनी पोरीच्या मागं उभा ऱ्हायला. मंगळाष्टकं चाललीत आणि ह्याच्या अंगातनं पाणी टपकतंय. सगळा मांडव हसला. तवाच म्हटलं, या समुद्राचं तोंड मी परत बघणार नाय."

आणि खरंच बघितलं नाही. काका मात्र दर रविवारी जायला लागले.

महाडहून समुद्र म्हणजे काही पाण्याचा हंडा नव्हे की गेला आणि भरून आला. सुरुवातीला ते फळी घेऊन एस.टी.ने जात. कंडक्टर विचारी, "ही कशाची फळी?" हे सांगत, "पाण्यावर उभं ऱ्हायाची." अख्खी गाडी हसायची. फळी मधल्या वाटेत आडवी पडायची आणि पुढच्या थांब्यावर चढलेली एखादी बाई निवांतपणे तिच्यावर आपली कोंबड्यांची पाटी ठेवायची. अशाच एका प्रवासात त्यांना पोलादपूरचा संजा भेटला. त्याचा स्वतःचा टेम्पो होता, त्या दिवशी तो बिघडलेला म्हणून गाडीत. "काका, हे असं एस.टी.तनं काय समुद्रावर नेताव? मी नेतो तुमाला," तो म्हणाला, आणि पुढच्या रविवारी आला तो स्वतःही पाण्यात उतरला. मग पोलादपूरच्या दवाखान्यातली नर्स सुनंदा आली. तुडीलचा दीपक आला. हा एमआयडीसीत रात्रपाळी करून थेट टेम्पोच्या हौद्यात येऊन झोपायचा आणि समुद्राचा वास आला की आपोआप उठून बसायचा. जात, गाव, वय कशाचाच मेळ नसलेली ही माणसं. आठवडाभर एकमेकांना भेटायची नाहीत, आणि रविवारी एका टेम्पोत फळ्यांच्या मध्ये गुडघे पोटाशी घेऊन सख्ख्या भावंडांसारखी भांडत जायची.

मला यात ओढलं ते काकूंनी. एका शनिवारी जिना चढून वर आल्या आणि म्हणाल्या, "तू जा गो त्यांच्याबरोबर एकदा. मला सांग, ते तिथं काय करतात. संध्याकाळी गाडीचा आवाज येईपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरत नाय."

त्यांना नाही म्हणणं मला जमलं नाही. माझी स्थिती मात्र अशी होती की बादलीत नळ सोडला तरी मी दाराबाहेर जाऊन उभी राहायचे. पूर आला तेव्हा मी एक अख्खा दिवस घराच्या कौलांवर बसून काढला होता. होडी आमच्या आळीत आली, पलीकडच्या घरातली माणसं घेऊन गेली आणि पाण्याच्या जोरामुळे तिला लगेच परतता आलं नाही. समोरच्या गच्चीवर सुखरूप पोहोचलेली माणसं टॉवेलने डोकी पुसत होती, कोणीतरी त्यांना चहा देत होतं. ते सगळं मला दिसत होतं. त्यांचा काही दोष नव्हता. होडी परत आली, मी वाचले. पण तो चहा माझ्या डोळ्यांसमोरून जात नव्हता. पावसाळ्याआधी बदली मागून घाटावर परत जायचं हे मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

काकांनी मला काही समजावलं नाही. वाळूत पार वर, जिथे भरतीचं पाणी येत नाही तिथे, एक प्लास्टिकची खुर्ची मांडली आणि म्हणाले, "बसा. पाण्यात उतरायचं नाय. फक्त डोकी बघत ऱ्हायचं. कोण दिसंनासं झालं तर हाक मारायची."

तिथे पहिल्यांदा मी त्यांना लाटेवर बघितलं. खरं सांगते, त्यांना ते फारसं येत नव्हतं. पहाटेच्या एवढ्या आपटाआपटीनंतर माझी काही वेगळी अपेक्षा होती. लाट धरायचे, उभेही राहायचे, आणि उभे राहिल्याबरोबर मान वळवून मागे बघायचे. की पडलेच. किनाऱ्यावरची मुलं ओरडायची, "काका, पुढं बघा! जिकडं बघाल तिकडं जाल!" काका हात हलवून हो म्हणायचे आणि पुढच्या लाटेला पुन्हा मागे बघायचे.

त्याहून नवल पाणी सोडल्यावर. संजा आणि दीपक बाहेर आले, काका आले. वारा सुटला होता, अंगावर काटा आलेला दिसत होता. टॉवेलांची पिशवी माझ्या खुर्चीजवळच होती. पण कोणी टॉवेलला हात लावला नाही, कोणी शर्ट बदलला नाही, टपरीवरून आलेला चहासुद्धा तसाच निवत ठेवला. तिघंही समुद्राकडे तोंड करून कुडकुडत उभे. सुनंदा अजून आत होती. ती बाहेर आली, वाळूत पाय ठेवला, तेव्हा काका म्हणाले, "सगळे आले. बदला आता."

परतीच्या वाटेवर मी विचारलं, हा काय नियम? सगळ्यांनी दीपककडे बघितलं. मग दीपकच बोलला.

"माझ्यामुळं हाय तो. सुरवातीची गोष्ट. हे सगळे बाहेर आले, कपडे बदलले, वडापाव खायला बसले. मी आतच व्हतो. ओढ लागली पाण्याची, बाहेर येता येईना. फळीला मिठी मारून ऱ्हायलो. मला हे सगळे दिसत व्हते, बाई. हाका मारल्या तर वाऱ्यानं ऐकू जायना. पण हाकेचं सोडा. हे सगळे मला कोरडे दिसले. तवा कळलं, आता कोण येत नाय."

तो खूप लांब, खडकांच्या बाजूला बाहेर पडला होता आणि वाळूतून चालत परत आला होता.

काका हौद्याबाहेर बघत होते. म्हणाले, "पहिला टॉवेल मी घेतला व्हता." मग वळून म्हणाले, "कोरडा माणूस पाण्यात जायच्या आधी इचार करतो गो. ओला करत नाय."

 समोरच्या गच्चीवरचे ते टॉवेल मी कोणाला कधी सांगितले नव्हते. त्या दिवशी टेम्पोत, फळ्यांच्या मध्ये बसून, सांगितले. सुनंदाने माझा हात धरला. काका ऐकून म्हणाले, "तुला पाण्याची भीती नाय. मागं ऱ्हायची हाय." तोवर ते मला 'तुम्ही' म्हणायचे. त्या दिवसापासून 'तू' झालं, आणि मला ते फार बरं वाटलं.

काकूंना मी घरी येऊन सांगितलं, "काका तिथे माणसं मोजतात." त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "घरात एक माणूस हाय, तेवढं मोजलं तरी पुरे."

त्यानंतर मी दर रविवारी खुर्चीवर असे. उन्हाळा सरत आला होता, समुद्र भारी व्हायला लागला होता, आणि तो मोसमातला शेवटचा रविवार होता. पाण्यातल्या माणसाला समोरच्या लाटेपलीकडचं काही दिसत नाही. मला वरून दिसत होतं. काका फळीवर पालथे होते, हातांनी वल्हवत होते, आणि तरीही बाजूला, लांब लांब चालले होते. मी उठले. हाक मारली, वाऱ्याने ती परत माझ्याच तोंडावर आणून टाकली. संजाची पाठ माझ्याकडे, दीपक लाटेत. मी ओरडत पुढे गेले, आणखी पुढे गेले, शेवटी संजाच्या कानावर हाक पडली तेव्हा पाणी माझ्या छातीला लागत होतं.

संजा आणि दीपक फळ्या घेऊन गेले, काकांना मधे घेऊन सावकाश वळसा घालून बाहेर आले. तोवर सुनंदा मला धरून उभी होती.  काका वाळूत बसले, खूप वेळ श्वास घेत राहिले, मग माझ्या चिंब पंजाबी ड्रेसकडे बघून म्हणाले, "म्हंजे कोरडी माणसं बी जातात."

बदली मी मागितली नाही. पुढच्या मोसमात, गणपती गेल्यावर, काकांनी मला कमरेएवढ्या पाण्यात फळीवर झोपायला शिकवलं. उभी मी आजवर धड राहिलेली नाही. सुनंदा म्हणते की मी काकांचीच शिष्य शोभते.

पण लांब वाहत गेले त्या रविवारी काकांचा दम तुटला तो तुटलाच. आधी पहाटेची धप्पधप्प विरळ झाली, मग थांबली. मी त्या आवाजाला इतक्या शिव्या दिल्या होत्या, आणि आता जाग आल्यावर त्याचीच वाट बघत पडून राहायचे. डॉक्टरांनी पाण्यात जायला बंदी केली. काका तरी टेम्पोत यायचे, आणि खुर्चीवर मी नाही, ते बसायचे. मी बाहेर आले की टॉवेलच्या पिशवीवर हात ठेवून म्हणायचे, "थांब, दीपक हाय आत." एकदा म्हणाले, "इथनं सगळे दिसतात गो. मी उगीच मागं बघून पडत व्हतो एवढी वर्सं."

श्रावणात, भर पावसात, ते गेले. घरीच गेले, काकूंच्या हातचा चहा अर्धा पिऊन. पुण्याहून मुलगा आला, त्याने नदीवर सगळं यथासांग केलं. काकूंनी मात्र थोड्या अस्थी तांब्याच्या गडूत ठेवल्या, तोंडाला फडकं बांधून परसातल्या फणसाला टांगल्या. शेजारपाजारचे म्हणाले, अशा ठेवू नयेत, माणूस अडकून राहतो. काकू म्हणाल्या, "समुद्र खुला होऊ दे. तवर त्यांना तरी कुठं घाई हाय."

अनंत चतुर्दशी झाली, पाऊस ओसरला, आणि एका रविवारी सकाळी संजा टेम्पो घेऊन दारात आला. काकू गडू घेऊन बाहेर आल्या. आम्हाला वाटलं, त्या गडू आमच्या हातात देतील. त्या सरळ पुढे जाऊन संजाच्या शेजारी बसल्या आणि गडू मांडीवर घेतला. वाटेत त्या एकदाच बोलल्या. "तो लग्नाचा मांडव कुठं व्हता, ते दाखव रे." संजाला ते माहीत नव्हतं.

किनाऱ्यावर त्यांच्यासाठी खुर्ची मांडली. आम्ही काकांची फळी पाण्यात घातली, तिच्यावर गडू ठेवला, आणि चौघांनी चार बाजूंनी हात लावून ती पुढे नेली. जिथपर्यंत माझे पाय टेकत होते तिथपर्यंत मी गेले. पुढे ते तिघं गेले. लाटा फुटतात त्याच्या पलीकडे त्यांनी गडू रिकामा केला. सावित्रीचं पाणी इथेच खाली बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळतं. काकांनी जन्मभर वाचलं ते पाणी.

आम्ही बाहेर आलो. फळी वाळूवर ठेवली. वारा होता, दीपकचे दात वाजत होते. टॉवेलांची पिशवी खुर्चीपाशी होती, आणि आम्ही चौघंही समुद्राकडे तोंड करून उभे राहिलो. कोणी ठरवलं नव्हतं. टॉवेल घ्यायचा तर घ्यायचा कसा? शेवटचा माणूस आतच होता, आणि आत्ताच आम्ही त्याला तिथे सोडून आलो होतो.

"काय झालं रे?" काकू म्हणाल्या. "बदला की. गारठाल."

"थांबतो जरा, काकू," दीपक म्हणाला. 

काकू आमच्याकडे एकेक करून बघत राहिल्या. भाचीच्या लग्नानंतर त्या कधी इथे आल्या नव्हत्या, पण दर रविवारी मी घरी जाऊन त्यांना सगळं सांगत होते. मग त्या उठल्या, चपला खुर्चीखाली सारल्या आणि चालायला लागल्या. वाळू संपली, पाणी लागलं, तरी थांबेनात.

"काकू, साडी भिजंल!" संजा ओरडला.

मी धावत जाऊन हात धरायला गेले. त्यांनी तो बाजूला केला. गुडघ्यापर्यंत गेल्या, कमरेपर्यंत गेल्या. एक लाट आली, त्यांना खांद्यापर्यंत भिजवून गेली, तरी पाय रोवून उभ्या राहिल्या. पाण्याकडे बघून त्या काहीतरी बोलल्या. मी मागेच होते, पण मला ऐकू आलं नाही. मग त्या वळल्या. भिजलेली नऊवारी ओढत, एकेक पाऊल टाकत बाहेर आल्या आणि आमच्यासमोर उभ्या राहिल्या. पदरातून पाणी गळत होतं. बोट करून त्यांनी आम्हाला मोजलं. संजा, सुनंदा, दीपक, मी. मग तेच बोट स्वतःच्या छातीला लावलं.

"मी शेवटची," त्या म्हणाल्या. "आत कोण ऱ्हायलं नाय. बदला आता."

पिशवी त्यांनीच उघडली, आणि पहिला टॉवेल दीपकच्या हातात दिला.